जुन्या गाडीची चेक इंजिन लाईट विझत नाही? सेन्सर घेण्याआधी हे तपासा

चेक इंजिन लाईट लागली की सहसा दोनपैकी एक गोष्ट होते. गाडी चालतेय ना, मग चालू दे, म्हणून महिनोन्‌महिने तिच्याकडे कुणी बघत नाही. नाहीतर कुठेतरी स्कॅनर लावला जातो, कोडात ज्या सेन्सरचं नाव येतं तो बदलला जातो, लाईट विझते आणि आठवड्याभरात पुन्हा लागते. दुसरा प्रकार खिशाला जास्त जड. कुठलं रीडिंग हद्दीबाहेर गेलं एवढंच कोड सांगतो. ते का गेलं हे शोधायचं काम आपलं. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत त्याचं कारण बहुतेक वेळा फुटलेला रबरी पाईप, गंजलेली अर्थिंग किंवा कुरतडलेली वायर असतं. सेन्सर त्यानंतर.

पुढचं सगळं मुख्यतः पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेलचं शेवटी थोडक्यात येईल.

लाईट कशी लागलीय?

लाईट लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट जळतच नाहीये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आत पेटतं आणि त्याची जाळी वितळते. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या, शक्य असेल तर टो करून न्या. लाईट एकसारखी लागून असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घाई नाही, पण टेंपरेचरचा काटा आणि ऑइलची लाईट वेगळी आहे हे ओळखून ठेवा. ती लाल ऑइल लाईट लागली तर जागच्या जागी इंजिन बंद करायचं.

किल्ली ऑन करून इंजिन सुरू न करता डॅशबोर्ड बघा. चेक इंजिनची लाईट या वेळी लागायलाच हवी आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवी. किल्ली ऑन केल्यावरही ती लागत नसेल तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी मुद्दाम काढलाय. सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर टायर आणि रंगाच्याही आधी हे बघा.

आधी बॅटरी आणि अर्थिंग

याला पाच मिनिटं लागतात आणि एक साधा डिजिटल मल्टीमीटर. तरी बहुतेक लोक हे सोडून थेट स्कॅनरकडे धावतात. व्होल्टेज कमी पडलं की ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) भलतेसलते कोड टाकतो, एकाच वेळी चार-पाच, एकमेकांशी संबंध नसलेले.

रात्रभर उभ्या गाडीत सकाळी बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. मग अर्थिंग. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर ठेवा (क्लॅम्पवर नको, कारण दोष बऱ्याचदा खुंटी आणि क्लॅम्पच्या मधेच असतो), दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर इंजिनची अर्थ केबल काढून दोन्ही टोकं कानसीने घासा, केबल आतून हिरवी पडली असेल तर बदला. हेडलाईट आणि ब्लोअर लावून हीच तपासणी बॉडीसाठी करा, तिथे ०.१ च्या वर जायला नको.

टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुता येते. कोरडं करून, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन.

कोड काढताना

स्कॅनर लावायचं सोळा पिनांचं सॉकेट स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या आसपास असतं. भारतात ओबीडी-१ (गाडीनेच दोष ओळखून कोड ठेवायची पद्धत) एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून आलं, तेही बीएस-४ या धुराच्या नियमांतल्या गाड्यांना. बीएस-४ सुरुवातीला तेरा शहरांत लागू झालं, त्यात पुणे आणि सोलापूर होतं. संपूर्ण देशात ते १ एप्रिल २०१७ ला आलं. म्हणून पुण्याच्या एमएच-१२ आणि कोल्हापूरच्या एमएच-०९ पासिंगच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांतही फरक सापडू शकतो. एकीत दोन ऑक्सिजन सेन्सर (कॅटॅलिटिकच्या पुढे एक, मागे एक), दुसरीत एकच. इंटरनेटवरचा व्हिडिओ बघून दुसरा सेन्सर शोधत गाडीखाली झोपण्याआधी हे लक्षात असू द्या.

ईएलएम ३२७ चा ब्लूटूथ डोंगल (सॉकेटमध्ये खोचायचा छोटा स्कॅनर) आणि फोनवरचं ॲप घरच्या कामाला पुरेसं आहे. डोंगलचा दिवा लागतच नसेल तर सॉकेटच्या १६ नंबर पिनला बॅटरीचे १२ व्होल्ट येतात का बघा, ४ आणि ५ नंबरला अर्थ. बऱ्याच गाड्यांत १६ नंबरचा फ्यूज लायटर किंवा रूम लॅम्पसोबत असतो. लायटरमध्ये स्वस्त चार्जर खुपसून तो उडालेला असतो. दिवा लागतो पण गाडी जोडली जात नाही, असं असेल तर जुनी गाडी के-लाइन या जुन्या भाषेत बोलत असते आणि अगदी स्वस्त नकली डोंगलना ती येत नाही. अशा वेळी ज्या गॅरेजमध्ये चांगला मल्टिब्रँड स्कॅनर आहे तिथे जा.

त्याहून जुन्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाड्यांत लाईटच कोड लुकलुकवून दाखवते. मारुतीच्या जुन्या गाड्यांत डायग्नोसिसची पिन अर्थला जोडली की एक लुकलुक, थोडं थांबून दोन लुकलुक, म्हणजे १२ नंबर: सगळं ठीक. १३ म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, १४ म्हणजे कूलंट सेन्सरचं सर्किट. पिन कुठली हे त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यायचं. अंदाजाने तार खुपसली तर ईसीयू जाऊ शकतो.

कोड निघाला की पहिलं काम फोटो. नुसत्या कोडाचा नाही, फ्रीझ फ्रेमचाही. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, कूलंट किती अंशावर, गाडीचा वेग, इंजिनावरचा लोड, फ्यूएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा घटवलं), हे सगळं त्यात साठवलेलं असतं. कूलंट ३० अंश आणि वेग शून्य असेल तर दोष सकाळी गाडी सुरू करतानाचा. ९० अंश आणि लोड ८० टक्के असेल तर चढावरचा. कोड पुसला की हे सगळं जातं. गॅरेजवाल्याने लाईट घालवून दिली म्हणून खूश होऊ नका, कारण तिच्यासोबत पुरावाही गेला. बॅटरीची वायर काढून लाईट विझवणं हाही तोच प्रकार, वर आयडलिंगचं शिकलेलं सेटिंग पुसलं जातं ते वेगळंच.

एकापेक्षा जास्त कोड असतील तर आधी व्होल्टेजचे, मग सेन्सरच्या सर्किटचे, मग मिसिंगचे, मग लीन-रिचचे (पेट्रोल कमी-जास्त असल्याचे) आणि सगळ्यांत शेवटी कॅटॅलिटिकचा. वरचा दोष काढला की खालचे कोड बऱ्याचदा आपोआप जातात. उलट्या क्रमाने गेलात तर सगळ्यांत महाग पार्ट पहिल्यांदा बदलला जातो.

इंजिन सुरू न करता मिळणारी दोन रीडिंग

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, किल्ली ऑन करून ॲपमध्ये लाईव्ह डेटा (सेन्सरांचे त्या क्षणीचे आकडे) उघडा. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान एकमेकांच्या दोन-तीन अंशांत हवं आणि बाहेरच्या हवेशी जुळायला हवं. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर सर्किट तुटलंय. १३०-१४० दाखवत असेल तर शॉर्ट आहे.

दुसरं, मॅप सेन्सर, म्हणजे इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. पुस्तकात १०१ केपीए लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं. कोल्हापूर साधारण ५७० मीटर उंचीवर आहे, इथे ९४-९५ दिसायला हवा. पन्हाळ्यावर तोच ९० च्या आसपास येतो. इथे १०१ किंवा ८८ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याचा ५ व्होल्टचा पुरवठा संशयास्पद. इंजिन गरम होऊन आयडलिंगला, एसी बंद असताना, ३० ते ४० केपीए हे निरोगी रीडिंग. ५०-५५ असेल तर कुठूनतरी हवा आत घुसतेय किंवा टायमिंग, व्हॉल्व्हचं काहीतरी आहे.

पी०१७१: लीन मिश्रण

जुन्या गाडीत हा कोड फार येतो आणि याच कोडावर सर्वांत जास्त ऑक्सिजन सेन्सर विनाकारण बदलले जातात. सेन्सर म्हणतो हवा जास्त, पेट्रोल कमी. ईसीयू पेट्रोल वाढवत जातो, आणि वाढवायची हद्द संपली की लाईट लावतो. बातमी खरी आणणाऱ्यालाच हाकलण्यात अर्थ नाही.

बघायचे आकडे दोन: शॉर्ट टर्म (त्या क्षणीचा) आणि लाँग टर्म (शिकून ठेवलेला) फ्यूएल ट्रिम. दोन्हींची बेरीज करा. पूर्वी उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असलं की गाडी ठणठणीत म्हणायचे. आता त्यात इथेनॉलचा हिशेब धरावा लागतो. २०२५ पासून देशभर पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. नुसत्या पेट्रोलला किलोमागे १४.७ किलो हवा लागते, २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. आपल्याच भागातल्या उसाचा हा प्रताप. जुन्या गाडीचा ईसीयू शुद्ध पेट्रोल किंवा १० टक्क्यांचा हिशेब धरून बनवलाय, त्यामुळे काहीही बिघडलेलं नसतानाही तिचा लाँग टर्म ट्रिम अधिक ५ ते ८ दिसतो. हद्द साधारण अधिक २० ते २५ ला संपते. पूर्वी जी छोटीशी हवेची गळती पचून जायची, तिच्यावर आता लाईट लागते. दोष जुनाच असतो, सांभाळून घ्यायला जागा उरलेली नसते.

म्हणून आयडलिंगला आणि २५०० आरपीएमवर, दोन्हीकडे आकडे लिहून घ्या.

आयडलिंगला अधिक २२ आणि २५०० वर अधिक ८ असेल तर हवेची गळती. आयडलिंगला इंजिन थोडी हवा ओढतं, त्यात चोरून आलेली हवा मोठा हिस्सा असते. रेस दिली की तिचं प्रमाण घटतं. उरलेले ८ इथेनॉलचे. गळती शोधायच्या जागा: एअर फिल्टर ते थ्रॉटल बॉडीचा घडीचा रबरी पाईप (घड्यांच्या आत चिरतो, वरून दिसत नाही, वाकवून बघा), पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेकला सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) कोपऱ्यातला छोटा पाईप, ब्रेक बूस्टरचा पाईप, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, इंजेक्टरच्या खालच्या रबरी रिंगा. ऑइल भरायच्या झाकणाचं आणि डिपस्टिकचं रबरही बघा. बूस्टरचा पाईप पकडीला फडकं गुंडाळून हलकेच दाबा. आयडलिंग लगेच सुधारलं तर गळती तिथेच किंवा बूस्टरच्या पडद्यात.

कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत सर्रास आहे, पण तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर तो भडकतो. थंड इंजिन नुकतंच सुरू करून, साध्या पाण्याची फवारणीची बाटली घेऊन एकेका जोडावर मारा. वायरिंग आणि कॉइल टाळा. आवाज किंवा आरपीएम बदलला की जागा सापडली. तरी सापडत नसेल तर स्मोक मशीन असलेलं गॅरेज गाठा; धूर भरला की चीर स्वतःच दिसते, तासभर चाचपडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

पर्ज व्हॉल्व्ह हा एक लपलेला चोर. पेट्रोल टाकीची वाफ इंजिनात सोडणारा हा छोटा व्हॉल्व्ह करंट नसताना बंद हवा. काढून तोंडाने फुंकून बघा. हवा आरपार गेली तर तो उघडा अडकलाय. टाकी फुल केल्यावर गाडी सुरू व्हायला त्रास देते, ही त्याची खूण.

आता उलटा प्रकार. आयडलिंगला ८, २५०० वर १२ आणि चढावर २५: म्हणजे पेट्रोलच कमी पडतंय. यासाठी पन्हाळ्याचा किंवा जोतिबाचा घाट उत्तम. शेजारी बसलेल्याच्या हातात फोन द्या, चालवणाऱ्याने स्क्रीन बघायची नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर खोल दाबल्यावर पहिला ऑक्सिजन सेन्सर ०.८ व्होल्टच्या वर जाऊन थांबायला हवा. तो ०.२ कडे घसरत असेल तर फ्यूएल फिल्टर, पंप किंवा पंपाची अर्थिंग. बहुतेक पोर्ट इंजेक्शन गाड्यांत पेट्रोलचा दाब ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. जुन्या टाकीत तळाशी साचलेला गाळ इथेनॉल सोडवून आणतं, म्हणून वर्षानुवर्षं न बदललेला फिल्टर आता अचानक तुंबतो. आणि इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात तीन-चार महिने अर्धी टाकी घेऊन उभी राहिलेली गाडी पहिल्या दिवशी फुरफुरली तर टाकी उपसून बघावी लागेल.

मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत तो मळला तरी असंच दिसतं. त्याच्यासाठी वेगळा एमएएफ क्लीनर मिळतो तोच वापरा. आतली तार केसासारखी नाजूक असते, कार्ब क्लीनर नको, कापूस लावलेली काडी तर नकोच.

गॅस किट बसवलेली गाडी असेल तर आधी वीस-तीस किलोमीटर फक्त पेट्रोलवर चालवा आणि मग आकडे घ्या. गॅसवर शिकलेला ट्रिम पेट्रोलला लागू होत नाही, आणि नेमका दोष किटच्या ट्यूनिंगचा असतो तेव्हा गाडीत शोधत बसण्यात काय अर्थ?

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि पहिल्या सेन्सरच्या मधे गळती असेल तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला लीन वाटतं. थंड इंजिन सुरू केल्यावर टकटक असा आवाज येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो, ती हीच. गॅस्केटभोवती काळी काजळी दिसेल. स्टड तुटून आत राहिला असेल तर घरी ड्रिल मारू नका; कोल्हापूरच्या उद्यमनगरात असली कामं रोजची आहेत.

इंजिन तापतच नाही

पी०१२८ हा कोड आपल्याकडे मुद्दाम बनवलेला असतो. इंजिन गरम व्हायला लागलं की थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायची जुनी खोड. मग इंजिन कधी पूर्ण तापतच नाही, ईसीयू थंड समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतं. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांना उघडतात. दहा-पंधरा मिनिटं चालवूनही स्कॅनरवर ७० च्या आसपास अडकत असेल, हायवेला आणखी खाली येत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा हाऊसिंगमध्ये नाहीच. नवीन थर्मोस्टॅट, नवीन गॅस्केट, कूलंट आणि पाणी ५०:५०, आणि हवा पूर्ण निघेपर्यंत वेळ. आधी गाडी का तापत होती ते मात्र वेगळं शोधावं लागेल: पंखा, रेडिएटर किंवा कॅप.

मिसिंगचे कोड

पी०३०० म्हणजे कुठलाही सिलिंडर, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे तो तो सिलिंडर. इथे अंदाज करायची गरजच नाही. पी०३०२ असेल तर दोन नंबरची कॉइल तीनला आणि तीनची दोनला लावा, कोड पुसा, चालवा. पी०३०३ आला तर कॉइल गेली. हलला नाही तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टरची. प्रत्येक कॉइलला वेगळी वायर नसून दोन सिलिंडरना एक कॉइल असेल तर प्लगच्या वायरी बदलून बघा.

प्लग काढल्यावर वाचा. फिकट तपकिरी चांगला, कोरडा काळा म्हणजे रिच, ओला म्हणजे जळलंच नाही, पांढराफटक म्हणजे लीन किंवा फार गरम. प्लगच्या विहिरीत ऑइल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट बदलल्याशिवाय नवीन प्लग टाकू नका. १४ मिलिमीटरचा प्लग २० ते २५ न्यूटन-मीटरला पुरतो. गरम हेडमध्ये पाना लावायचा नाही, ॲल्युमिनियमचे आटे जातात.

कॉइल, प्लग, इंजेक्टर सगळं फिरवूनही मिसिंग त्याच सिलिंडरला राहिली तर कॉम्प्रेशन घ्या. सिलिंडरांमध्ये एक-दीड बारपेक्षा जास्त फरक नको. गॅसवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातात, टॅपेटचा गॅप संपतो आणि गरम आयडलिंगला मिसिंग सुरू होते. गॅप बघणं स्वस्त आहे, हेड उघडण्याआधी ते करा.

ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक

सेन्सर खरंच गेलाय का ते असं ठरवा. गरम इंजिन, २५०० आरपीएम: पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मधे सतत वरखाली व्हायला हवं. ०.४५ ला चिकटून बसला असेल तर सेन्सर मेला किंवा वायर तुटली. शंका असेल तर मुद्दाम एक व्हॅक्यूम पाईप काढा, व्होल्टेज पडायला हवं; पाईप लावून जोरात रेस द्या, वर जायला हवं. दोन्हीला लगेच प्रतिसाद देणारा सेन्सर चांगला आहे, त्याला हात लावू नका.

पी०१३५ आणि पी०१४१ हे हीटरचे कोड. चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन हीटरच्या. सेन्सर थंड असताना त्यांच्यात बहुतेक ३ ते १५ ओहम मिळतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला. पण सेन्सर आणण्याआधी गाडीच्या बाजूच्या कनेक्टरला १२ व्होल्ट येतात का बघा, फ्यूज उडालेला असतो. सेन्सर २२ च्या पान्याने, इंजिन कोमट असताना, गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबून काढायचा. बसवताना ४० ते ४५ न्यूटन-मीटर, आणि टोकाला ग्रीस किंवा सिलिकॉन लागू द्यायचं नाही.

पी०४२० (कॅटॅलिटिक नीट काम करत नाही) आला म्हणून लगेच कॅटॅलिटिक घेऊ नका. मागचा सेन्सर ०.६-०.७ ला जवळपास स्थिर असेल तर कॅटॅलिटिक काम करतंय आणि दोष गळतीचा असू शकतो. तो पुढच्यासारखाच वरखाली नाचत असेल तर कॅटॅलिटिक संपलं, पण ते का संपलं? मिसिंग किंवा ऑइल पिणारं इंजिन तसंच ठेवलं तर नवीनही त्याच वाटेने जाईल. आतली जाळी फोडून रिकामा डबा लावून देणारे भेटतात. ते बेकायदेशीर आहे, लाईटही विझत नाही.

पीयूसीची पावती फेकू नका. बीएस-४ पेट्रोल कारला आयडलिंगला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएमची मर्यादा आहे. सीओ खूप जास्त म्हणजे रिच, एचसी जास्त आणि सीओ कमी म्हणजे मिसिंग किंवा फार लीन. एवढ्या कमी पैशात एक्झॉस्टची तपासणी दुसरीकडे कुठे मिळते?

पाणी, उंदीर आणि वायरिंग

कोड येतो-जातो, पावसात येतो, खड्ड्यात येतो, तेव्हा वायरिंगच बघायचं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी कोल्हापूर शहरात शिरलं, तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या आजही विकायला येतात. सीटखालचा कार्पेट उचलून तळाचा गंज बघा, मग ईसीयूचा आणि फ्लोअरच्या हार्नेसचा कनेक्टर उघडा. पिना हिरव्या असतील तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश. पिन खाल्ली असेल तर ती पिनच बदलायची.

उसाच्या फडाजवळ किंवा गोदामाशेजारी गाडी लागत असेल तर बॉनेट उघडून लेंड्या, कुरतडलेलं फोम, अर्धवट खाल्लेली वायर शोधा. तुटलेली वायर पीळ मारून टेप लावू नका. सोल्डर करून हीट श्रिंक ट्यूब चढवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तोच कोड. इंजिन चालू ठेवून एकेक कनेक्टर हलवा आणि लाईव्ह डेटा बघा. आकड्याने उडी मारली की जागा तीच. तीन-चार सेन्सरांचे कोड एकदम आले तर सगळ्यांना मिळणारी ५ व्होल्टची लाइन तपासा: एकेक सेन्सर काढत जा, ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो शॉर्ट आहे. साधा बल्बचा टेस्ट लॅम्प या वायरींना लावायचा नाही, ईसीयूला झेपत नाही.

डिझेल असेल तर

पी०४०१ बहुतेक काजळीने भरलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). काढून साफ करा, ब्लँकिंग प्लेट लावून तो बंद करणं हा उपाय नव्हे. पी०२९९ (टर्बोचा दाब कमी) असेल तर टर्बो उघडण्याआधी इंटरकूलरचे पाईप आणि क्लिपा. चीर पडलेल्या जागी तेलकट डाग दिसतो. पी००८७ (डिझेलचा दाब कमी) ला आधी डिझेल फिल्टर, आणि त्याच्या तळाचा नट सोडून पाणी काढा. कॉमन रेलचा कुठलाही पाईप इंजिन चालू असताना सैल करू नका आणि गळती हाताने चाचपू नका. दाब शेकडो बारमध्ये असतो, बारीक धार कातडीतून आत जाते.

दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा. लाईट लगेच विझली याचा अर्थ काही नाही, ईसीयूने तपासण्या पुन्हा करायच्या आहेत. रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी सुरू करून दोन-तीन मिनिटं आयडलिंगला ठेवा, कोल्हापूर शहरातून कावळा नाक्याकडून हायवेला या आणि कागलच्या दिशेने चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ६० ते ८० चा एकसारखा वेग पंधरा मिनिटं ठेवा. मागे कुणी नसताना ॲक्सिलरेटर सोडून ब्रेक न मारता गाडी ४० पर्यंत येऊ द्या. दोन-तीनदा असं करून परत या. टाकी पाव ते पाऊण भरलेली असावी.

घरी आल्यावर ॲपमध्ये पेंडिंग कोड बघा. बहुतेक दोष सलग दोन फेऱ्यांत सापडले तरच लाईट लागते, पहिल्या फेरीत ते फक्त पेंडिंगमध्ये दिसतात. पेंडिंग रिकामं, रेडीनेसच्या (ईसीयूच्या स्वतःच्या) तपासण्या पूर्ण आणि लाँग टर्म ट्रिम १० च्या आत, असं लागोपाठ तीन थंड सुरुवातींना दिसलं तर काम झालं. पेंडिंगमध्ये तोच कोड परत असेल तर नवीन फ्रीझ फ्रेम पहिल्या फोटोशेजारी ठेवा. कूलंट, लोड आणि आरपीएम तेच असतील तर मूळ दोष तसाच आहे. वेगळे असतील तर आधीचा गेला आणि आता दिसतोय तो दुसरा.